बाबलीनं बांधलेला केक

कुडाळला हायवेच्या कडेला, पुण्या-मुंबईच्या खासगी गाड्या संध्याकाळी जिथं रांगेनं येऊन थांबतात, तिथं एक पत्र्याची टपरी आहे. टपरीत एक टेबल, एक पंखा आणि बाबली परब. पंखा चालणं विजेवर अवलंबून. बाबलीचं तोंड चालायला कशाचीच गरज लागत नाही. पाटीवर ‘तिकीट बुकिंग’ असं लिहिलंय, पण पंचक्रोशीत त्याचं नाव आहे ते खोके बांधण्यासाठी.

हिंजवडीतल्या मुलाला सुरमई, पिंपरीतल्या बहिणीला फणस, कुणाच्या नातीला सावंतवाडीची लाकडी भाजीपाल्याची टोपली, कुणाच्या लेकीला फ्लॅटच्या बाल्कनीत लावायला सोनचाफ्याचं रोप, हे सगळं बाबलीच्या हाताखालून जातं. थर्माकोलचा खोका, तळाला फोडलेला बर्फ, मध्ये प्लॅस्टिक, वर पुन्हा बर्फ, मग चिकटपट्टी, तिच्यावर सुतळी आणि शेवटी गाठ. ही गाठ त्याला बापानं शिकवली, आंब्याच्या पेट्यांच्या काळात. ती सुटत नाही, कापावीच लागते. “गाडी घाटात उलटी झाली तरी आतली सुरमय दर्यात असल्यासारखी निवांत रवतली,” असं तो गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगतो. त्याच गाडीचं तिकीट काढून बसलेली माणसं हे ऐकून जरा चुळबुळ करतात, पण त्याला बाबली काय करणार?

“बाबल्या, पोचात मां रे?” खोका सोपवताना प्रत्येक आई विचारतेच.

“खोको पोचतलो,” बाबली म्हणतो. “फुडचा तुमी नि तुमचो झील.”

पुण्यातल्या एका घरी मात्र त्याचं स्वतःचं काही पोचत नव्हतं. ते घर त्याच्या लेकीचं, शर्मिष्ठाचं.

गोष्ट अशी झाली. तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात बाबलीची बायको शेवंती गेली. सकाळी तुळशीला पाणी घातलं, पायरीवर टेकली, आणि उठलीच नाही. शर्मिष्ठाला तेव्हा आठवा महिना. रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला बंदी केलेली. खळ्यात, म्हणजे अंगणात, जमलेल्या जाणत्या माणसांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, “पोटुशी चेडवाक आता कोणी काय सांगा नकात. सुटका होवंदे, मगे सांगया.” जावई सुशांत फोनवर रडत रडत ‘हो’ म्हणाला. बाबलीनं मान हलवली. त्या घटकेला कुणी त्याला ‘झाडावर चढ’ म्हटलं असतं तरी तो चढला असता.

मग बाबलीनं ती बातमी बांधली. जन्मभर बांधलेल्या खोक्यांत तोच खोका सगळ्यांत पक्का निघाला.

शर्मिष्ठा रोज फोन करायची. “बाबा, आवस खंय आसा?”

“देवळात गेली हा गो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “आवशीक दी फोन.”

“घसो बसलो हा तिचो. बोलूक जमणा नाय.”

गावच्या, वालावलच्या लक्ष्मीनारायणाचं दर्शन शेवंतीनं मेल्यावर त्या दोन महिन्यांत जेवढं घेतलं, तेवढं जिवंतपणी घेतलं नव्हतं. बाळंतपणाला पुण्याला जायचं ठरलं होतं तिचं. तिच्याऐवजी बाबलीची थोरली बहीण अक्का गेली, ‘शेवंतीचो पाय मुरगळलो’ असं सांगत. जाताना डिंकाचे लाडू घेऊन गेली. रात्रभर रडत वळलेले लाडू शर्मिष्ठापुढं ठेवून म्हणाली, “तुज्या आवशीन पाठवल्यान.” शर्मिष्ठानं एक खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, “तिच्याच हाताची चव!” अक्का मोरीत जाऊन उगाच बादली घासत बसली.

बारशाला बाबली गेला. सगळे आले, आई नाही. शर्मिष्ठानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. तोंडं बांधता येत नाहीत. मग ती बापाकडं वळली आणि साध्या आवाजात म्हणाली, “मी रोज फोन करत होते, बाबा. तुम्ही रोज उचलत होता.”

रडली असती, ओरडली असती, तर निभावलं असतं. पण वालावलच्या मुलीनं बापाशी असं कचेरीतल्या मराठीत बोलावं? बाबलीला तिथंच कळलं, की आपण आता या घराच्या बाहेर उभे आहोत.

सुशांतला सहा-सात महिन्यांची सजा झाली. अक्काला एक वर्ष. बाबलीला जन्मठेप.

तेव्हापासून सुशांत ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत चोरून फोन करतो. नात भार्गवी रांगली, भार्गवीला दात आला, भार्गवी चावली. बाबली ऐकतो आणि शेवटी दरवेळी विचारतो, “ती काय म्हणता?” सुशांत म्हणतो, “बरी आहे, बाबा.” हे उत्तर काही त्या प्रश्नाचं नव्हे, हे दोघांनाही माहीत असतं.

बाबली दर मे महिन्यात आंब्याची पेटी पाठवी. गेल्या वर्षी त्यानं सहज विचारलं, “आंबे गोड होते मां?” सुशांत जरा घुटमळला आणि म्हणाला, “ऑफिसात सगळ्यांना फार आवडले.” म्हणजे पेटी घरी चढलीच नव्हती.

त्यावर बाबलीनं आठ-नऊ महिने विचार केला. आंबा काय, कुणीही खातो. त्याच्यावर नाव नसतं. नाव असलेली वस्तू पाठवली पाहिजे. ऑफिसातली माणसं ‘भार्गवी’ लिहिलेला केक कशी खातील? तो त्या पोरीच्याच पुढ्यात जायला हवा, आणि पोरीच्या पुढ्यात गेला की पोरीच्या आईच्याही जातो. पोरीचा वाढदिवस माघातला, म्हणजे फेब्रुवारीत. सुशांत म्हणाला होता, “कुणाकडे तरी स्ट्रॉबेरी आणि क्रीम चीजचा केक खाल्ला तिनं, तेव्हापासून रोज तोच मागते.”

“अक्का,” बाबलीनं घरी येऊन जाहीर केलं, “केक करूचो आसा.”

“कोण मेला?” अक्का म्हणाली. तिला ऐकू नीट येतं, पण बाबली चेहरा असा घेऊन आला होता.

शेजारच्या घरात कोल्हापूरची सून आहे, पूजा. तिच्या मोबाईलमध्ये जगातले सगळे केक आहेत. तिनं ‘एकदम सोपा’ असं नाव असलेला व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या बाईच्या मागं पांढराशुभ्र ओटा, हातात न डागळलेला चमचा. दोन मिनिटांत केक झालासुद्धा.

“हिचा घर बगलंस?” अक्का म्हणाली. “हिका सोपाच जातला.”

स्ट्रॉबेरी कुडाळच्या आठवड्याच्या बाजारात मिळाली. कोल्हापूरकडचा एक फळवाला हिवाळ्यात चार डबे आणतो. बाबलीनं सवयीनं एकेक फळ हातात घेऊन दाबून, हुंगून पाहिलं. फळवाला म्हणाला, “काका, हापूस न्हाई त्यो. ठेवा खाली.” क्रीम चीज मात्र कुठंच मिळेना. दुकानदारानं चीजच्या चौकोनी चकत्या दाखवल्या. बाबलीनं पूजाला फोन लावला. “ताच काय गो ह्या?”

“नाही काका, ते सँडविचचं. राहू दे. दही टांगू, त्यात साय घालू. अगदी तसंच होतं.”

“म्हणजे चक्को,” अक्का घरी म्हणाली. “एवढा इंग्रजी नाव कित्याक ठेवल्यानी?”

दही रात्री टांगलं ते शेवंतीच्या जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यात. दुसरं स्वच्छ फडकं घरात होतं. पण बाबलीनं काढलं ते हेच.

ओव्हन नव्हता. अक्काला त्याची गरजही वाटत नव्हती. तवशाचं धोंडस ती जन्मभर भाजत आली होती. काकडी, गूळ, रवा टोपात घालायचा, खाली मंद विस्तव, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे. “धोंडस भाजता तर ह्या काय येगळा?” शर्मिष्ठा लहान असताना तिच्या वाढदिवसाला शेवंती त्याच टोपात धोंडस करायची. तो टोप नैवेद्याचा. पूजाच्या हातातली अंडी पाहून अक्का थबकली. टोपाकडं पाहिलं, अंड्यांकडं पाहिलं.

“अंडी न घालता पण होतो, अक्का,” पूजा घाईनं म्हणाली.

“घाल गो,” अक्का म्हणाली. “देवाक दुसरो टोप घेवया.”

पहिला केक वरून कोळसा आणि आतून खीर झाला. अक्कानं निखारे धोंडसाच्या हिशेबानं घातले होते. धोंडस भक्कम, त्याला काही वाटत नाही. हा पुण्याला जाणारा नाजूक प्रकार. बाबली चुलीपुढं उकिडवा बसून त्या काळ्या गोळ्याकडं असा बघत राहिला, की पूजाला वाटलं, आता हा माणूस रडणार. “काका, दुसरा करू. सामान आहे.”

“ह्यो बरो झालो असतो,” बाबली हळूच म्हणाला, “तरी तिना घेतल्यान नसतो.”

“गप रव मेल्या. फू मार चुलीत.”

दुसरा जमला. निखारे थोडे, करवंटी फोडून फोडून. झाकण उचललं तेव्हा घरभर जो गोड वास सुटला, त्यानं पडवीतलं मांजरसुद्धा उठून बसलं. चक्का, साय आणि साखर फेटून पूजानं वर लावली, स्ट्रॉबेरीचे काप गोलाकार मांडले. नाव लिहायची वेळ आली तेव्हा बाबली म्हणाला, “माका दी.” पिशवीच्या टोकातून शिजवलेल्या स्ट्रॉबेरीचा लाल पाक पिळत त्यानं ‘भार्गवी’ लिहिलं. खोक्यांवर नावं लिहून लिहून त्याचं अक्षर मोठं झालेलं. ‘वी’ काठाबाहेर जाता जाता वाचली. खाली त्यानं सवयीनं मोबाईल नंबर लिहायला घेतला, तेव्हा पूजानं पिशवी काढून घेतली.

बांधायचं काम मात्र त्यानं कुणाला करू दिलं नाही. केक पुठ्ठ्याच्या डब्यात घालून, क्रीमला घाम येऊ नये म्हणून डब्याला वर बारीक भोकं पाडून, तो कुडाळला मांडीवर घेऊन गेला. त्या दिवशी स्कूटर पूजाच्या नवऱ्यानं चालवली. थर्माकोलचा खोका कोरा. चिकटपट्टी कोरी. सुतळी कोरी. मासळीचा जुना खोका केकला वापरेल इतका बाबली अडाणी नव्हता. बर्फ मात्र नेहमीच्याच ठिकाणचा आणला, नेहमीच्याच गोणपाटात, आणि नेहमीच्याच हातोडीनं फोडला. शेजारच्या चहावाल्याला बोलावून त्यानं खोका हुंगायला लावला.

“काय वास येता?”

“कसलोच नाय.”

“बरा बग.”

“नाय रे बाबल्या. सोच्छ.”

दोघांचाही जन्म मासळीच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर गेलेला. त्यांची नाकं जे सांगू शकत होती, ते त्यांनी सांगितलं.

मग तीन वेढे, आडवे, उभे, आणि बापाची गाठ. गाडीचा ड्रायव्हर अजय त्याच्या ओळखीचा. “अजय, डिकीत ठेवा नको. तुज्या पायाकडे ठेव. आणि घाटात…”

“काका, घाट माज्या बापाचो आसा. जावा घराक.”

बाबलीनं गाडी वळेपर्यंत पाहिलं. त्या संध्याकाळी त्यानं टपरीवर एकाही गिऱ्हाइकाची थट्टा केली नाही. लोकांना वाटलं, ताप आहे.

सकाळी तो फोन हातात घेऊनच उठला. सुशांतनं थांब्यावर जाऊन खोका घ्यायचा, घरी न्यायचा आणि पोरीच्या पुढ्यात उघडायचा असं ठरलं होतं. अक्का चहा करून त्याच्यापुढं ठेवून गेली, तो निवला. तिनं पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. मग फोन वाजला. सुशांतच्या आवाजामागं जिन्याचा घुमारा येत होता.

“बाबा, मी निघत होतो. तिनं विचारलं, एवढ्या सकाळी कुठं. मी… मला खोटं बोलता आलं नाही.”

“बरा केलंस.”

“ती नको म्हणाली.”

बाबलीनं निवलेला चहा बाजूला सरकवला. सुशांतनं मग नको ते सांगून टाकलं. “म्हणाली, ‘आई गेली तेव्हा बाबांना माझा पत्ता माहीत नव्हता का? आता केक पाठवायला बरा सापडला.’”

शेजारच्या अंगणात पूजाचा सासरा बांबू तोडत होता, त्याचा ठक ठक आवाज येत होता.

“बाबा, मी जाऊन घेतो. ऑफिसला नेतो. वाया नको जायला.”

“नको रे,” बाबली म्हणाला. “नाव आसा तेच्यार.”

खोका अजयच्या पायाशी बसून पुणं पाहून परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अजयनं तो टेबलावर ठेवला, आणि काही विनोद करायला तोंड उघडलं, पण बाबलीकडं पाहून नुसतं “भोवतीन बर्फ लावलंय वायच” एवढंच म्हणाला.

बाबलीनं खोका स्कूटरवर पुढं ठेवून घरी आणला. अक्का आणि पूजा ओसरीवर वाट बघत होत्या. खोका मध्ये ठेवला, तिघं भोवती बसली. चिकटपट्टीला नखाचासुद्धा ओरखडा नव्हता. गेली तशी परत आली.

“सोड,” अक्का म्हणाली.

बाबलीनं गाठीला हात घातला. इकडून ओढलं, तिकडून ओढलं. नख घातलं. दात लावले. हजारो गाठी मारलेला माणूस, पण स्वतःची गाठ त्यानं आजवर एकदाही सोडली नव्हती. ते काम नेहमी पलीकडच्या टोकाला असायचं, पुण्यात, पिंपरीत, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. सुतळीचे तंतू ओठाला चिकटले, तरी तो हात काढेना.

“माका जमणा नाय गो, अक्का,” तो म्हणाला. “ही सुटणा नाय.”

अक्का आत गेली, कोयती घेऊन आली आणि तिनं सुतळी कापली.

केक जसाच्या तसा होता. घाट चढून, उतरून, पुन्हा चढून, पुन्हा उतरून आला होता, पण स्ट्रॉबेरीचा एक काप जागचा हलला नव्हता. ‘वी’सुद्धा काठावर तशीच तोल सावरून उभी. बाबलीनं आयुष्यात बांधलेल्यांत हे सर्वांत सुरेख काम होतं. एरवी त्याला अभिमान वाटला असता, पण आज वाटेना.

पूजानं मात्र तोंडावर पदर धरला. कोल्हापूरची, तिचं नाक अजून इथलं झालं नव्हतं.

“काय झाला?”

“काही नाही, काका.”

“सांग गो.”

“बर्फाचा वास लागलाय. मासळीचा.”

बाबलीनं वाकून हुंगलं. त्याला काहीच आलं नाही. अक्कानं हुंगलं. तिलाही नाही. पूजाच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की पोरगी खरं बोलतेय.

“म्हणजे उघडल्यान असता तर…” बाबली म्हणाला आणि थांबला. त्याच्या डोळ्यांपुढं आलं असणार, की पोर आनंदानं वाकली, नाक दाबून मागं झाली, आणि तिच्या आईनं ते पाहिलं. “बरा झाला. उघडल्यान नाय, ता बरा झाला.” हे तो दोनदा म्हणाला.

अक्कानं सुरी आणली आणि कुणाला न विचारता केक कापला. ‘भार्गवी’मधला ‘भा’ स्वतःच्या ताटलीत घेतला, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

“बरो झालो हा मेल्या,” ती म्हणाली. “शेवंतीच्या धोंडसासारखो.”

“खोटा बोला नको, अक्का.”

“खोटा तूच बोलूक शिकवलंस.”

हे ती हसवायला म्हणाली होती. हसलं कुणीच नाही. अक्कानंच मग डोळे पुसले आणि राहिलेला केक पानात बांधून आत ठेवला. दुपारी तो मांजरानं खाल्ला. मांजराला वास फारच पसंत पडला.

संध्याकाळी बाबली टपरीवर गेला. जाणार नाही असं वाटलं होतं अक्काला, पण घरात बसून तरी काय करायचं होतं. आनंदीबाई आल्या, बाजाराजवळच्या, मुलगा पुण्यात असलेल्या. हातात पापलेटं, तोंडात नेहमीचाच प्रश्न. “बाबल्या, पोचात मां रे?”

बाबलीनं खोका पुढं ओढला. बर्फ भरला, प्लॅस्टिक घातलं, चिकटपट्टी ओढली. सुतळीचे तीन वेढे घेतले, आणि शेवटाला आल्यावर त्याचा हात थांबला. त्यानं गाठ नेहमीची मारली नाही. एक फासा ठेवला, ओढला की सुटेल असा, आणि सुतळीचं टोक बाहेर लोंबतं सोडलं.

आनंदीबाईंनी चष्मा सावरला. “ही काय रे? ही तर ढिली गाठ.”

“तिकडच्याक सोडूक व्हयी मां.”

“अरे फोंड्याच्या घाटात सुटात! माझ्या झिलाक काय रस्त्यार पापलेटां येचूक लावतंस? तुज्याकडे कित्याक येतंय मी? घट मार.”

मागं गाडीनं हॉर्न दिला. अजय खिडकीतून हात हलवत होता. बाबलीनं फासा सोडला. मग सवयीचे हात आपोआप फिरले, वेढा, खालून वर, वरून खाली, आणि पाय खोक्याला लावून त्यानं गाठ आवळली, इतकी, की सुतळी करकरली.

“आता बरा,” आनंदीबाई म्हणाल्या.